शाळेवर बोट ठेवणारे चित्र शाळेच्याच भिंतीवर लावावे काय?

डिचोलीचा कलाशिक्षक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका अनुदानित विद्यालयात गेली चौदा वर्षे चित्रकला शिकवत आहे. डिसेंबरमध्ये आमच्या स्नेहसंमेलनाबरोबर विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते, आणि त्यासाठी यंदा नववीच्या वर्गाला मी ‘माझी शाळा’ हा विषय दिला होता. विषय आळसाने दिलेला होता, हे आधीच कबूल करतो. वर्गातल्या अडतीस मुलांपैकी सदतीस जणांनी काढलेले चित्र जवळजवळ एकच होते: मधोमध कौलारू इमारत, पुढे ध्वजस्तंभ, दोन्ही बाजूंना एकेक माड, मागे दोन त्रिकोणी डोंगर आणि त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य. आमच्या शाळेला कौले नाहीत, सपाट स्लॅब आहे. आणि शाळेमागे डोंगर नसून खाणीतून काढलेल्या मातीचा तांबडा ढीग आहे, जो दर पावसाळ्यात थोडा थोडा मैदानावर उतरतो. तो ढीग एकानेही काढला नाही. मुले शाळेकडे पाहून चित्र काढत नव्हती. शाळेचे चित्र कसे असते हे पहिलीपासून जसे सांगितले गेले तसे ती काढत होती, आणि सांगणाऱ्यांमध्ये मीही आहे.

अडतिसाव्या मुलाने चित्र काढलेच नाही. त्याने आपल्या बाकावर कागद पसरला आणि पेन्सिल आडवी धरून तो सबंध कागद घासून काळा केला. त्यावर करकटकाने कोरलेली नावे आणि आद्याक्षरे उमटली, बाणाने विंधलेला एक बदाम उमटला, अर्धवट राहिलेला सातचा पाढा उमटला, कुठल्याशा क्रिकेट सामन्याची धावसंख्या उमटली आणि या सगळ्यांना छेदून जाणारी लाकडाची एक लांब चीरही उमटली. बाक जुना आहे, त्यामुळे त्या एका कागदावर वीस-पंचवीस वर्षांतल्या मुलांचे हात एकावर एक आलेले आहेत. मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो. मुख्याध्यापकांनी तो पाहिला आणि एवढेच विचारले, “हा बाक कुठल्या वर्गातला?” त्यांना तो शालेय मालमत्तेच्या नुकसानीचा पुरावा वाटला, आणि खरे सांगायचे तर तो तसा पुरावाही आहेच.

शालेय शिस्त, आज्ञाधारकपणा आणि त्यातून घडणारा समाज यांवर समकालीन कलावंतांनी काम केले आहे, हे मला वरवर ठाऊक आहे. मुख्याध्यापकांपुढे ठेवता येईल असे त्यातले काय आहे? आणि त्याहून मोठी अडचण अशी, की आज्ञाधारकपणावर टीका करणारे चित्र एखाद्या शिक्षकाने शाळेत लावले, तर तीही त्याची आणखी एक आज्ञाच ठरत नाही काय?

आल्तिन्होवर शिकलेली

सर, तुमच्या विद्यार्थ्याने केले त्याला चित्रकलेच्या इतिहासात नाव आहे. माक्स एर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने १९२५ साली फरशीच्या जुन्या लाकडी फळ्यांवर कागद ठेवून ग्रॅफाइट घासले आणि उमटलेल्या रेषांतून चित्रे शोधली. त्या पद्धतीला फ्रोताज म्हणतात. परंतु मुख्याध्यापकांशी बोलताना मी एर्न्स्टपेक्षा शिलालेखांचे उदाहरण देईन. गोवा कदंबांच्या, म्हणजे मध्ययुगात इथे राज्य केलेल्या घराण्याच्या, काळातील लेख वाचणारे अभ्यासक दगडावर ओला कागद थापतात, तो ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवतात आणि वरून शाई फिरवून ठसा घेतात. त्या मुलाने बाकाचा ठसाच घेतला आहे. कोरणारा तो नव्हे, वाचणारा आहे, हा फरक मुख्याध्यापकांच्या लक्षात आणून देता आला तर निम्मे भांडण मिटेल.

आता शिस्तीबद्दल. पणजीत आल्तिन्होवरच्या कला महाविद्यालयात शिकत असताना या विषयावरची चित्रे मी दरवर्षी पाहिली आहेत: पाठीवर दप्तराचा डोंगर घेतलेले मूल, कुलूप घातलेली कवटी, एकाच साच्यातून बाहेर पडणारी मुंडकी. एक तर मी स्वतःच काढले होते आणि त्याला पारितोषिकही मिळाले, यावरून ते कुणालाही बोचले नव्हते हे उघड आहे. ज्या कलाकृती खरोखर बोचतात त्या प्रतीके शोधत बसत नाहीत. त्या शाळेच्याच वस्तू आणि शाळेच्याच रीती उचलतात.

अमेरिकन कलावंत जॉन बाल्डेसारी याला १९७१ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइनने प्रदर्शनासाठी बोलावले. तो स्वतः गेलाच नाही. त्याने पत्राने कळवले, की विद्यार्थ्यांनी दालनाच्या भिंतींवर ‘मी यापुढे कंटाळवाणी कला निर्माण करणार नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा लिहावे. विद्यार्थ्यांनी भिंती भरून टाकल्या. ‘मी वर्गात बोलणार नाही’ हे शंभर वेळा लिहिलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. मात्र माझ्या मते त्यात विनोदापेक्षा खोल असे काही आहे. आदल्याच वर्षी बाल्डेसारीने आपली १९५३ ते १९६६ या काळातील चित्रे जाळून टाकली होती. म्हणजे गुन्हा त्याचा होता आणि शिक्षा त्या मुलांनी भोगली, तीही आनंदाने, कारण सांगणारा नावाजलेला कलावंत होता. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतींवर आहे, सर. आज्ञेची थट्टा करणारी कलाकृतीसुद्धा आज्ञा पाळूनच तयार झाली, आणि हे तिने लपवले नाही.

एड्रियन पायपर या अमेरिकन कलावंत स्त्रीने हीच रीत अगदी वेगळ्या मनःस्थितीत वापरली. चार जुन्या फळ्यांवर तिने ‘सर्व काही काढून घेतले जाईल’ या अर्थाचे एकच वाक्य वळणदार हस्ताक्षरात ओळीमागून ओळ लिहिले. ही कलाकृती २०१५ च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होती. तिथे हसू येत नाही.

जपानचा तेत्सुया इशिदा (१९७३–२००५) मात्र चित्रकारच होता, आणि हे चित्र छापून नेता येईल म्हणून सांगते. त्याच्या १९९८ च्या एका चित्रात वर्ग भरला आहे, गणवेशातली मुले बाकांवर बसली आहेत आणि त्यांतल्या दोघांचे सूक्ष्मदर्शक झाले आहेत. कुणी दचकलेले नाही, तास चालूच आहे. पुढच्या वर्षीच्या ‘कैदी’ या चित्रात शाळेची इमारतच एका मुलाच्या शरीराभोवती बांधल्यासारखी आहे. मूल इतके मोठे आणि इमारत इतकी घट्ट, की दोहोंतले आधी काय होते ते कळत नाही.

शेवटी सोव्हिएत संघात जन्मलेला कलावंत इल्या काबाकोव्ह याची ‘शाळा क्रमांक ६’. टेक्सासमधील मार्फा येथे, पूर्वी लष्करी तळ असलेल्या जागेतील एका बराकीत त्याने १९९३ साली ओसाड पडलेली सोव्हिएत शाळा उभी केली: मोडके बाक, विखुरलेल्या वह्या, तक्ते. शाळा, बराक आणि तुरुंग यांच्या मांडणीतले साम्य फ्रेंच विचारवंत मिशेल फूको १९७५ साली सांगून गेला होता. इथे शाळेला बसवायला खरीखुरी बराकच मिळाली.

सत्तरी तालुक्यातील निवृत्त शिक्षिका

वरील उत्तर मी दोनदा वाचले. मुलीने चांगले लिहिले आहे, पण बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत घालवल्यानंतर मला त्यात एक बाजू कमी दिसते, ती मांडते.

माझी आई मुंडकाराची, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर राहणाऱ्या कुळाची मुलगी. पोर्तुगीज अमदानीत तिच्या गावात सरकारी शाळा नव्हती. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेत, एक मास्तर मराठी शिकवीत असत आणि तिथे भाटकाराची मुले जात. आई दाराबाहेर बसून ऐकत असे. भाटकारणीने एकदा आजीला विचारले, “ही शिकली तर काजू कोण गोळा करणार?” तरीही आई बाराखडी शिकली, ती जमिनीवरच्या मातीत बोटाने गिरवून. पुढे १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे सरकार आले, खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि त्यांतल्याच एका शाळेत मी शिकले. त्या शाळेत रांगा होत्या, छडी होती, अंगठे धरून उभे राहणे होते. मात्र त्या रांगेत भाटकाराचा मुलगा माझ्या मागे उभा असे, कारण तो माझ्यापेक्षा उंच होता. गावात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी तो माझ्या मागे उभा राहिला नसता.

म्हणून ‘शाळा आज्ञाधारक बनवते’ हे विधान ऐकले, की कुणाची आज्ञा, असे मला विचारावेसे वाटते. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा शाळेत जाणे हीच समाजाची अवज्ञा होती. शेणमातीचे गोळे झेलून सावित्रीबाई शिकवायला जात. ज्यांच्या घरात चार पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांना फळा जाचक वाटणे मी समजू शकते. आमच्या घरी फळा ही पहिली खिडकी होती.

याचा अर्थ टीका करू नये असा नव्हे. जर्मनीतील कलावंत योसेफ बॉइस याचे उदाहरण मला एका प्रशिक्षण शिबिरात ऐकायला मिळाले आणि ते मी विसरले नाही. तो ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत प्राध्यापक होता. प्रवेश नाकारलेल्या विद्यार्थ्यांना त्याने आपल्या वर्गात घेतले, त्यांना घेऊन अकादमीचे कार्यालय अडवले आणि १९७२ साली त्याची नोकरी गेली. तोही फळ्यांवर खडूने लिहीत असे आणि ते फळे आज संग्रहालयांत आहेत, असे सांगतात. मला फळ्यांपेक्षा ते कार्यालय अडवणे मोठे वाटते. दाराबाहेर बसून ऐकणाऱ्या मुलीला ते चटकन कळले असते.

आणखी एक गोष्ट, विषयाला धरूनच. माझ्या वर्गात ‘आदर्श बालक’ हा तक्ता टांगलेला असे. तुम्हीही तो पाहिला असेल: मुलगा लवकर उठतो, आईवडिलांना नमस्कार करतो, दात घासतो, हरवलेल्या मुलाला पोलीस चौकीत पोहोचवतो, एन.सी.सी.त जातो. एके दिवशी तिसरीतल्या एका मुलीने मला विचारले, “टीचर, हो चेडो न्ही? मग हांवें कितें करचें?” (हा मुलगा ना? मग मी काय करायचे?) तिला काय उत्तर दिले ते आठवत नाही, बहुधा गप्प बसायला सांगितले असेल. मुंबईच्या प्रियेश त्रिवेदी यांनी २०१४ च्या सुमारास याच तक्त्यांच्या शैलीत चित्रमालिका केली; तेच सपाट रंग, तीच गुळगुळीत गालांची मुले, आणि आदर्श बालक शांत चेहऱ्याने गांजाची सिगरेट वळतो आहे. भाच्याने मोबाईलवर दाखवले तेव्हा मला आधी राग आला आणि मग हसू आले. तरीही माझ्या वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न त्या चित्रांपेक्षा जास्त टोकाचा होता, असे मला वाटते.

पणजीकर वाचक

बाईंच्या लिखाणाला पूरक म्हणून थोडे लिहितो. तक्त्यावरून आठवले, की हा प्रकार आपल्या जुन्या राज्यकर्त्यांना फार नेमका जमला होता. १९३८ साली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने पोर्तुगालच्या प्राथमिक शाळांसाठी ‘सालाझारचा धडा’ नावाची सात भित्तिचित्रे काढली. त्यांतले गाजलेले चित्र ‘देव, देश, कुटुंब’ या त्रयीचे: शेतकरी बाप कामावरून घरी परततो, आई चुलीपाशी, मुले त्याला सामोरी येतात, भिंतीलगत क्रूस, खिडकीतून दिसणारा किल्ला आणि त्यावर निशाण. रंग सुंदर आहेत. त्या घरात कुणीही कुणाला काही विचारत नाही, आणि तीच त्या चित्राची शिकवण आहे. ज्या राजवटीची ही चित्रे, तिच्याच अमलाखाली गोवा १९६१ पर्यंत होता. तुमच्या सदतीस मुलांच्या कौलारू शाळा आणि हे शेतकऱ्याचे घर शेजारी शेजारी लावून पाहा; चांगले दिसण्याचे नियम दोन्हीकडे बाहेरून आलेले आहेत.

आणि कलाशाळेची अवज्ञा करणाऱ्यांची परंपरा शोधायला आपल्याला जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावरचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका मुंबईची जे. जे. कलाशाळा सोडून शांतिनिकेतनला गेले आणि त्यांनी येशूची आई मारिया साडीत रंगवली, आपल्याकडच्या बाईसारखी. इथल्या धर्मनिष्ठ मंडळींना ते रुचले नाही. त्यांचे पुढचे आयुष्य बव्हंशी पुण्यात गेले. त्यांच्या चित्रांचा संग्रह आज पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे, तो मुलांना अवश्य दाखवावा. साळगावात जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना १९४५ साली जे. जे.मधून काढून टाकण्यात आले आणि दोनच वर्षांनी त्यांनी आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा केला. दोघांच्याही चित्रांत शाळा कुठे दिसत नाही. पण नजर कशी असावी हे ज्यांनी ठरवून दिले होते त्यांचे दोघांनीही ऐकले नाही, आणि माझ्या दृष्टीने शालेय शिस्तीवरची टीका म्हणजे हेच. बाक आणि फळे मांडून केलेली टीका मला अनेकदा नाटकाच्या नेपथ्यासारखी वाटते. वरील ताईंनी त्याबद्दल रागावू नये.

मडगावचा एक पालक

चर्चा उद्बोधक आहे, परंतु तो मुलगा नववीत आहे आणि पुढच्या वर्षी त्याची दहावी आहे, याचा विचार कुणी केल्याचे दिसत नाही. कागदावरील आद्याक्षरांवरून उद्या कुणाला बोलावणे गेले तर ते चित्रकाराला जाईल, कलाशिक्षकाला नव्हे. त्या मुलाची स्वतःची इच्छा काय आहे?

आल्तिन्होवर शिकलेली

राग मुळीच नाही. नेपथ्याचा आक्षेप काबाकोव्हच्या बाबतीत मी थोडासा मान्यही करते. पालकांच्या मुद्द्यावर एक उदाहरण देते. टिम रोलिन्स हा शिक्षक १९८१ पासून न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधील शाळेत शिकवू लागला. शाळेने ज्यांच्यावर ‘शिकण्यात मागे’ असा शिक्का मारला होता अशा मुलांबरोबर तो पुस्तके वाचत असे आणि पुस्तकांची पाने कॅनव्हासवर चिकटवून त्यांवर सर्व जण मिळून चित्रे काढत. ती चित्रे ‘टिम रोलिन्स आणि के.ओ.एस.’ (किड्स ऑफ सर्व्हायव्हल, हे मुलांच्या गटाचे नाव) या जोडनावाने मोठमोठ्या संग्रहालयांत गेली. पण नाव जोडलेले असले, तरी आधी शिक्षकाचे आणि मग मुलांचे, तेही गटाचे. इतक्या चांगल्या माणसालाही तो क्रम टाळता आला नाही. तुमच्या भिंतीवर चित्राखाली काय लिहिणार, हे आधी ठरवा, सर.

डिचोलीचा कलाशिक्षक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. शिलालेखाचा दाखला मुख्याध्यापकांना सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही म्हणता, हे कदंब आमच्याच शाळेत शिकले?” त्यांना विनोद करताना मी पहिल्यांदाच पाहिले. चित्र लावायला त्यांनी होकार दिला. अट एकच, की नावे ओळखू येणार नाहीत असे काहीतरी करावे. मी घरी येताना खुशीत होतो, आणि मग मडगावच्या पालकांचे वाक्य वाचले.

मी त्या मुलाला विचारलेच नव्हते. तीन आठवडे त्या कागदाबद्दल मी मुख्याध्यापकांशी बोललो, पत्नीशी बोललो, तुम्हा सर्वांशी बोललो. त्याच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला चित्रकलेच्या खोलीत बोलावले. आधी तो घाबरला, कारण चित्रकलेच्या खोलीतही बोलावणे हे बोलावणेच असते. मग म्हणाला, “सर, ते लावू नका.” त्या बाकावरचे एक नाव त्याच्या थोरल्या भावाचे आहे. भाऊ दहावीत नापास होऊन शाळा सोडून गेला, आता ट्रकवर असतो, आणि घरी त्याच्या शाळेबद्दल कुणी बोलत नाही. मुलाला ते नाव सापडले होते आणि त्याला ते कागदावर घरी न्यायचे होते, एवढाच त्याचा हेतू होता. टीका, अवज्ञा, समकालीन कला हे सगळे माझे होते. कागद मी त्याला परत दिला.

सदतीस चित्रे प्रदर्शनात लागतील. त्यांच्यासोबत वर्गाने नव्याने काढलेली चित्रे असतील: काल मी सर्वांना मैदानावर नेऊन पाठीमागच्या ढिगाकडे तोंड करून बसवले आणि काय काढायचे ते सांगितले नाही. अर्ध्या मुलांनी तरीही सूर्य काढलाच. बाईंच्या वर्गातल्या मुलीचा प्रश्नही मी वर्गाला वाचून दाखवला. मुली खूप हसल्या, मुलगे थोडे उशिरा.

तो मुलगा मात्र जाताना दाराशी थांबून म्हणाला, की त्याला आमच्या घंटेचा ठसा घ्यायचा आहे. आमची घंटा म्हणजे ओवरीत तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. वर्षानुवर्षे एकाच जागी ठोके पडून तिथे खळगा झाला आहे. रूळ गंजलेला आणि खरबरीत आहे, त्यामुळे साधा चित्रकलेचा जाड कागद त्यावर बसत नाही आणि वहीचा कागद फाटतो. त्याने दोन वाया घालवले. कुठला कागद घ्यावा, कुणी सांगेल काय?

आल्तिन्होवर शिकलेली

आधी कापडाने सुटा गंज पुसून काढू द्या. पतंगाचा कागद किंवा पातळ हातकागद घ्या, तो रुळाच्या मागून चिकटपट्टीने ताणून बसवा आणि पेन्सिलीऐवजी काळा मेणखडू वेष्टन काढून आडवा फिरवायला सांगा. टोक लावले तर फाटणारच. खळग्याच्या जागी कागद बोटाने आधी हलके आत दाबावा लागेल. आणि रूळ टांगलेलाच असेल तर दुसऱ्या कुणीतरी तो दोन्ही हातांनी धरून ठेवावा, नाहीतर मधेच वाजेल आणि सगळी शाळा बाहेर येईल.